बेलवरची माझ्या नावाची पट्टी

प्रति,
मा. विभागप्रमुख,
निवास परवाना विभाग,
शहर कार्यालय (उत्तर)

विषय : बेलवर नाव न लावता माझे पत्र मला मिळण्याबाबत.
संदर्भ : ‘या नावाचे कोणी येथे राहत नाही’ असा शेरा पडून आपल्याकडे परत गेलेले माझे पत्र, दि. ४ नोव्हेंबर.

महोदया,

१. मी हानिफे तुरगुत, वय ७४, खाणकामगार दिवंगत रमझान तुरगुत यांची पत्नी. लिंडन रस्ता १९, दुसरा मजला, येथे एकेचाळीस वर्षे राहते. मी कुठेही गेलेली नाही. इमारतीच्या दारातल्या बेलवरचे नाव मीच काढले आहे.

२. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या इमारतीत सिनेमाचे चित्रीकरण झाले. बाहेरून आलेल्यांच्या वस्तीतला तणाव दाखवायचा आहे, असे दिग्दर्शक बाईंनी सांगितले. आठ दिवस मी सर्वांना चहा दिला. बाई माझ्या बेलवर खोट्या नावाची पट्टी चिकटवू लागल्या, तेव्हा मी म्हणाले, “माझ्या दारावर परक्याचं नाव कशाला, मुली? माझंच राहू दे.” एकसष्टाव्या वर्षी मशिदीवरच्या खोलीत मी अक्षरे शिकले; माझ्या नावाची पट्टी मी स्वतःच्या हाताने लिहिलेली होती. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर मी सही केली. घरी आलेल्या पाहुण्याचा कागद तपासून पाहणे मला बरे वाटले नाही.

३. सिनेमात त्या घरातला मुलगा एका जर्मन मुलीला ट्रॅमखाली ढकलतो. त्यानंतर पडदाभर माझे नाव दिसते. सप्टेंबरमध्ये तो टीव्हीवर लागला. दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानातली सेविम म्हणाली, “हानिफे आजी, एवढा मोठा मुलगा लपवून ठेवलात होय?” मीही हसले. मला मुलगा नाही. एकच मुलगी आहे, ती ब्रेमेनला असते.

४. मग बेल वाजू लागली. “त्या ढकलणाऱ्याला खाली पाठव, म्हातारे,” असे खालून कोणी म्हणे. तिसऱ्या वेळी बाटली फेकून जिन्याची काच फोडली. पोलीस आले, सौजन्याने वागले आणि मुलगा सध्या कुठे आहे असे विचारले. मुलगा नाही म्हटल्यावर त्यांनी तसा दाखला मागितला. सिनेमाच्या कंपनीने कळवले की, सर्व पात्रे काल्पनिक आहेत असे सिनेमाच्या शेवटी स्पष्ट लिहिले आहे. बेल वाजवणारे तो शेवट वाचेपर्यंत थांबलेले दिसत नाहीत.

५. म्हणून २१ ऑक्टोबरला मी पट्टी काढली. बेल थांबली, पण पत्रेही थांबली. पोस्टमन नवा आहे, नावाशिवाय तो पत्र टाकत नाही. आपल्या कार्यालयातून फोनवर सांगितले, “तुरगुतबाई, नाव लावा, पत्र लगेच पाठवतो.” माझ्या निवास परवान्याच्या कार्डाची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. ते गेले तर मी येथे कोण, हे मला सांगता येणार नाही. म्हणून काल नाव पुन्हा लावले. दुपारी तीन पुरुष खाली उभे राहिले. एकाने नाव मोठ्याने वाचले आणि त्याचा फोटो काढला. मी खिडकीच्या पडद्यामागे उभी होते. चहाची किटली शिटी वाजवते म्हणून तीही गॅसवर ठेवली नाही.

६. तरी माझे पत्र तळमजल्यावरील श्रीमती ब्रिगिटे हॅनिश यांच्या पत्त्यावर पाठवावे, ही विनंती. त्या म्हणाल्या, “माझ्या नावाखाली येऊ दे, हानिफे. मला कोणी जाब विचारायला येत नाही.”

आपल्या पत्राची वाट पाहणारी,
हानिफे तुरगुत
१२ नोव्हेंबर २०१९

सोबत :
१. मला मुलगा नसल्याचा कुटुंब नोंदणीचा दाखला.
२. श्रीमती हॅनिश यांचे संमतीपत्र.
३. बेलवरची पट्टी, काल रात्री पुन्हा काढलेली. ती घरात ठेवायची भीती वाटते आणि फाडवत नाही. आपल्या फाइलमध्ये सांभाळावी. मी मागायला येईन तेव्हा परत द्यावी.