शिंपला ओके, दयाळ रिजेक्ट

२२ फेब्रुवारी, शनिवार
शुक्रवारी ऋताच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन. दोन सजीवांची तुलना. तिला दयाळ पक्षी हवाय. तोच तो, काळेवाडीची अख्खी गल्ली झोपलेली असताना समोरच्या वायरीवर गळा काढणारा. सेकंड शिफ्ट करून आलेल्या माणसाने झोपायचं कधी? म्हटलं, समोर नदीतला शिंपला ठेव, तोच जिंकेल. चाकणला अठरा वर्षं क्वालिटीत काढलीत, माल बघताक्षणी कळतो. पोरीला पहिलं बक्षीस मिळवून देणारच. हिचं म्हणणं, प्रोजेक्ट पोरीचं आहे. असू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार
कंपनीतल्या खंडूने पवनेतून जिता शिंपला आणून दिला. म्हणाला, दादा, वाळूत ऱ्हाऊ द्या, नळाचं पानी नगं. माणूस चांगला, पण फाइव्ह एस म्हणजे काय ते अजून डोक्यात शिरत नाही त्याच्या. कामाची जागा चकाचक पाहिजे. वाळू फेकली. शिंपला ब्रशने घासला. बादलीत नळाचं स्वच्छ पाणी. वर लेबल.

२४ फेब्रुवारी, सोमवार
तपासणी.
शिंपला: आवाज शून्य, घाण शून्य, जागा सोडून जाणे शून्य. ओके.
दयाळ: पहाटेपासून बोंब, माझ्या गाडीच्या सीटवर घाण, पाच मिनिटं एका जागी नाही. रिजेक्ट.

२५ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ११
शिंपल्याने तोंड उघडलं. दोन दिवस घट्ट मिटून होता. माझ्यावर विश्वास बसला. ऋता बराच वेळ बादलीपाशी बसून होती. तिलाही गोडी लागली म्हणायची.

२६ फेब्रुवारी, बुधवार
किंचित वास. नदीची वस्तू, अत्तर थोडंच येणार?

२७ फेब्रुवारी, गुरुवार
वास कमी. पाणी एकदम नितळ. एकटा शिंपला अख्खी बादली गाळतो राव. चार्टवर लाल स्केचपेनने लिहिलं: 'पक्षी नुसता गातो, शिंपला काम करतो.' दयाळाबद्दल ऋताला कोपऱ्यात चार ओळी दिल्या. हिची तक्रार, बाथरूमपर्यंत पाणी कोण सांडतं? मी नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
रजा टाकून शाळेत गेलो. बाईंनी विचारलं, हा दिवसाला किती पाणी साफ करतो? उत्तर मी ऋताकडून पाठ करून घेतलं होतं. ती बाईंच्या जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, बाई, तो मंगळवारीच मेला. बाबा झोपले की पाणी मी बदलते. त्यांना सांगू नका, त्यांचा फार जीव आहे त्याच्यावर.

मी चार्ट धरून तिच्या मागेच उभा होतो. ऐकलंच नाही असं दाखवलं. फार वाईट वाटलं. शिंपल्याचं कमी, पोरीचं जास्त.

बक्षीस नाही. रिक्षात बादली मांडीवर घेऊन ऋता म्हणाली, बाबा, पुढच्या वर्षी तुम्ही रजा नका टाकू.
बरं म्हटलं.