मुकादमाचं कोपर

४ एप्रिल, राहाता

आणि आई म्हणते, मी कुठं टिकत न्हाई! चाकणला टिकलो न्हाई, कारण सुपरवायझर आईवरून शिव्या द्यायचा. सुरतेचं पाणी मानवलं न्हाई. आणि नाशिकचं हॉटेल तर आपणहून बंद पडलं, त्यात माझा काय दोष? पण पाथर्डीला घरी गेलं की परत तेच, कानिफ भटक्या, कानिफच्या पायाला भिंगरी.

आता बघ म्हणावं. पेरूच्या बागेत बंगला हाय. माझी कॉट म्हाताऱ्याच्याच खोलीत, पण खोलीला एसी. दोन टाइम जेवण, रविवारी मटण. काम काय, तर एका लुळ्या माणसाचे हातपाय हलवायचे. त्याची सून मोनिकाताई एकटीच असते, नवरा दुबईला. आल्या आल्या चहा दिला, वर विचारलं, साखर बरोबर हाय का. मला आजवर असं कुणी विचारलेलं न्हाई.

घरकामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यानं म्हाताऱ्याचं नाव सांगितलं आणि मी पगार न विचारताच हो म्हणालो. ते नाव घरी सांगितलेलं न्हाई.

६ एप्रिल

व्यायाम शिकवायला दिपाली मॅडम आल्या हुत्या. लई भारी शिकवतात. म्हणाल्या, स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत न्हाई. म्हणून ते जोडीनं असतात. दंडाच्या पुढचा ओढतो तेव्हा हात वाकतो, मागचा ओढतो तेव्हा सरळ हुतो, आणि एक ओढत असताना दुसऱ्यानं सैल सोडायचं. मी म्हणालो, म्हणजे दोघांनी मिळून करवत ओढतात तसं. त्या हसल्या, म्हणाल्या, बरोब्बर.

सांध्यात तेलासारखं वंगण असतं. हललं तरच ते सगळीकडं फिरतं. म्हाताऱ्याचं स्वतःचं काही हलत न्हाई, मान तेवढी थोडी आणि तोंड. म्हणून रोज बोट, मनगट, कोपर, खांदा, गुडघा, सगळं आपण हलवायचं. न्हाई हलवलं तर स्नायू आखूड हुतो, सांध्याची पिशवी चिकटते आणि मग सांधा दगड.

हे शेवटचं मी परत विचारून घेतलं.

९ एप्रिल

आता लिहितोच. म्हातारा म्हणजे बिभीषण मुकादम. ऊसतोडीच्या टोळ्या न्यायचा. माझा बाप पुंजाराम त्याच्या टोळीत हुता. मी दहा वर्षांचा असेन. बापाला ताप चढला, तो हंगाम अर्धा टाकून घरी आला. ह्यानं जीप पाठवून त्याला उचलून नेला, उजवा हात पाठीमागं पिरगाळून ट्रॉलीच्या हुकाला बांधला. सकाळी सोडला तेव्हा कोपर निखळलेलं. दवाखाना न्हाई, काही न्हाई. डाव्या हातात कोयता दिला.

ते कोपर तसंच सरळ सांधलं. बापाचा उजवा हात वाकत न्हाई. घास तोंडापर्यंत पोचत न्हाई. डाव्या हातानं खायची त्याला लाज वाटते, म्हणून आई भरवते आणि तो भिंतीकडं बघत चावतो.

मी म्हाताऱ्याला मारणार न्हाई. पिरगाळणार न्हाई. त्याचं उजवं कोपर नुसतं हलवणार न्हाई. ह्याला कुठला कायदा हाय?

२१ एप्रिल

झालं! सदऱ्याची बाही चढवताना म्हातारा गुरासारखा ओरडला. कोपर लाकूड झालंय. मोनिकाताई धावत आल्या. मी म्हणालो, वय झालंय, ताई, मी तर रोज करतोय.

त्या गेल्यावर त्याच्या कानाशी वाकून बापाचं नाव सांगितलं. त्याचे डोळे फिरले. ओळखलं. बरं वाटलं, लई दिवसांनी पोटभर झोपलो.

२४ एप्रिल

उशाखाली हात राहिला असेल. माझं उजवं कोपर धरलंय. बाम चोळला.

२७ एप्रिल

वाकत न्हाई. बाम न्हाई, शेक न्हाई, कशानं न्हाई. भाकरी तोंडाशी न्यायला गेलो तर हात पुढंच राहिला, कुणाला काही देतोय असा. ताट स्टुलावर ठेवून बैलासारखी मान घातली. म्हातारा बघत हुता. त्याच्या तोंडाची एक बाजू हसते, दुसरी हसत न्हाई.

३ मे

मॅडम आल्या. म्हाताऱ्याचं कोपर बघून मला झापलं. मग माझ्याकडं बघितलं, माझा हात हातात घेतला, वाकवायचा प्रयत्न केला. शिर्डीत नेऊन माझ्या हाताचा एक्स-रे फोटो काढून आणला. हाड चांगलं, सांध्यात काही न्हाई. मग म्हणाल्या, कानिफ, दोघांचं अगदी सारख्याच ठिकाणी अडतंय रे, एवढंसुद्धा इकडं तिकडं न्हाई. आणि माझा हात पटकन सोडून दिला.

५ मे

करून बघितलं. सकाळपासून म्हाताऱ्याचं कोपर गरम पाण्यानं शेकलं, हळूहळू हलवलं. तो कण्हत हुता. दुपारी त्याचं थोडं वाकलं. आणि माझं बी वाकलं. तेवढंच.

बाथरूमात जाऊन रडलो. म्हणजे सुटका हाय. त्याचं हलवायचं, की माझं हलतं. उद्यापासून सगळं नीट करायचं, पगार घ्यायचा आणि घरी जायचं. खड्ड्यात गेला म्हातारा.

६ मे

कोपर हलवत हुतो. जवळजवळ तोंडापर्यंत आलं हुतं, त्याचं बी, माझं बी. तेवढ्यात म्हातारा बोलायला लागला. शब्द चावून चावून बोलतो, पण कळतं. म्हणाला, हलव, पुंज्याच्या पोरा, हलव. तुझा बाप बी असाच शहाणा झाला हुता सकाळी. रातभर मुकादम, मुकादम करून बाईसारखा रडला. तुमची जातच आमचे हातपाय हलवण्याची.

आणि हसला. एका बाजूनं.

मी त्याचा हात खाली ठेवला.

७ मे

आता कुठलंच हलवणार न्हाई. बोटं न्हाई. गुडघे न्हाई. खांदा न्हाई. मला काय होणार ते म्हाईत हाय. होऊ दे.

११ मे

डाव्या हातानं लिहितोय. उजव्याची बोटं मिटली ती मिटलीच. गुडघे धरलेत, भिंतीला धरून चालतो. रात्री दोघं बी कण्हतो. आधी तो का आधी मी, कळत न्हाई —

भीती वाटते. लई भीती वाटते. पण तो कण्हला की मी ऐकत बसतो.

१३ मे

आईचा फोन. फोन स्पीकरवर ठेवला, कानाशी जात न्हाई. मॅडमनी घरी कळवलंय वाटतं, म्हाताऱ्याच्या नावासकट. मग बाप बोलला. बाप फोनवर कधी बोलत न्हाई. म्हणाला, कानिफा, ये घरी. मी इसरलो ते सगळं. माझं कोपर हाय, मला न्हाई राग, तुला कशाला?

तुला न्हाई म्हणूनच, असं म्हणायचं हुतं. म्हणालो, येतो.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं. रात्री म्हणाला, जा की. बाप बोलावतोय. म्हातारा भ्यालाय. मी हाललो न्हाई.

मोनिकाताई म्हणाल्या, सोमवारी नवा माणूस येतोय, तू दवाखान्यात जा. नवा माणूस त्याला हलवील. सगळं मोकळं हुईल. त्याचं.

सोमवारच्या आत —

१४ मे

मॅडमनी आणखी एक शिकवलं हुतं. बरगड्या बी सांध्यांवर हलतात. प्रत्येक श्वासाला. म्हणून म्हाताऱ्याला तीन गोळ्यांचं खेळणं नळीतून श्वासानं ओढायला लावायचं, सकाळ-दुपार, छाती मोकळी राहते.

खेळणं कॉटखाली सारलं. पायानं. पाय अजून तेवढा —

म्हाताऱ्याला कळलं. हसणं गेलं. पहिल्यांदाच गेलं.

१५ मे

छातीवर कुणी बसल्यासारखं. त्याच्या बी. तोंड उघडं टाकून बघतोय माझ्याकडं. म्हणाला, पोरा, दे ते. दोघं बी वाचू. पुंजारामला मी — पाया पडतो म्हणाला. हात जुळत न्हाईत, तरी म्हणाला.

बापानं बी म्हटलं असेल. रातभर.

खेळणं माझ्या हातापासून वीतभर. वाकलो तर —

न्हाई वाकलो.

रात्र

त्याचा श्वास थांबतो तिथं माझा थांबतो. मग सुरू. पुन्हा —

तो रडतोय. आवाज न्हाई. छाती हलत न्हाई ना.

१६ मे

मान गेली. वही छातीवर. डाव्याची दोनच बोटं.

मोनिकाताई डॉक्टर आणायला — मी मध्येच थांबवलं. म्हणालो, आधी पगार टाका. आईच्या खात्यावर. सगळा. त्या रडत मोबाईलवर टाकतायत. बापाच्या कोपराच्या ऑपरेशनला —

म्हाताऱ्याचे डोळे उघडेच हाईत, पापणी हलत न्हाई. आता फक्त मी —

आई, टिकलो. पाठवतोय, अठरा हजार पा