हाताला फुटलेला पाझर

३ मार्च
पुन्हा तेच! गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा बसवताना काचेवर माझा घामेजलेला अंगठा उमटला. बाई म्हणाल्या, "आधी हात पुसून या." पुसूनच आले होते, बाईसाहेब! दुकानाचे मालक खुशीत — "आपल्याकडे चष्म्याबरोबर अंघोळ मोफत!" सगळे हसले. मीही हसले. नोकरी आहे.

४ मार्च
आई म्हणते, "टेन्शन घेऊ नकोस, थांबेल." झालं! आता टेन्शन न घेण्याचं टेन्शन. बाबा टीव्हीसमोर. मत नाही.

७ मार्च
मालकांनी बढती दिली — मागच्या खोलीत, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. चष्मे बसवणं बंद. महिन्याभरात हात सुधारले नाहीत तर "बघू." त्यांच्या "बघू"चा अर्थ मला कळतो. चिठ्ठ्यांवरची शाई मात्र छान पसरते.

१० मार्च
शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. "झोपेत घाम येतो?" नाही. "वजन उतरलंय? छातीत धडधड?" नाही. मग म्हणाल्या, "हा आजार आहे, घाबरटपणा नव्हे. घामाच्या ग्रंथींना उगाचच जास्त हुकूम सुटतात." म्हणजे आतही एक मालक बसलाय!
रात्री कोरड्या हातांना औषध लावायचं, सकाळी धुवायचं. त्याने भागलं नाही तर पाण्याच्या ट्रेमध्ये हात बुडवून सौम्य वीज सोडतात म्हणे. मजाच.
"घरात आणखी कुणाला?"
"छे! आमच्याकडे सगळे कोरडे ठणठणीत."

१२ मार्च
चुरचुरतं. कोरड्या हातांना लावा म्हणे! हात कोरडे असते तर औषध कशाला आणलं असतं? केसांच्या ड्रायरने वाळवून लावलं. आई दारात — "आता हात भाजतेस?"

२६ मार्च
आज मालकांसमोर एक चष्मा हाताळून दाखवला. काच स्वच्छ! मालकांनी ती उजेडात तीनदा फिरवून पाहिली, जणू हिराच. "उद्यापासून पुढे ये." अभिनंदन वगैरे काही नाही. उपकार झाले.

२९ मार्च
औषधाची बाटली तळाला गेलीय. मी एवढं लावतच नाही! आईला विचारलं. "मला काय करायचंय त्याचं?"

३० मार्च
बाबा! सकाळी बेसिनपाशी हात धुताना सापडले. तळहात पुढे केले — माझ्यासारखेच, घामाने निथळणारे. "थोडंसंच घेतलं गं. याला औषध असतं हे मला कुठे ठाऊक होतं?"
लहानपणी रस्ता ओलांडताना ते माझी बाही धरायचे. हात कधीच नाही. मला वाटायचं, मी नकोशी आहे.
मी हात धरला. ते गडबडले — "अगं, पुसू तरी दे!"