आकडा शहात्तर, कोणी वाढवू नये

मी, मच्छिंद्र कारभारी निबे, वय चौऱ्याहत्तर, धंदा सायकल दुरुस्ती आणि दीड एकर ऊस, राहणार कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता, जिल्हा पूर्वीचा नगर, आताचा अहिल्यानगर, आज सकाळी चहा पिऊन, डोकं जागेवर असताना हे लिहून ठेवतो. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी पाजलेली नाही, कोणी गोड बोलून बसवलेलं नाही. गोड बोलणारं माणूस आमच्या घरात नाहीच. वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यातलं निम्मं मी काढून टाकलं, कारण तेच तेच तीनदा लिहिलं होतं. माझं शिक्षण सातवी नापास. शुद्धलेखन तपासत बसू नये, मतलब बघावा.

डॉक्टरचा दाखला सोबत जोडलाय. त्यात मानसिक स्थिती उत्तम असं लिहिलंय. माझी बायको छबूबाई हिनं तो वाचून घेतला आणि डॉक्टरला म्हणाली, एकदा चार दिवस घरी येऊन राहा, मग लिहा. दाखला तरी ग्राह्य धरावा.

कलम १. राहतं घर माझ्या मागे छबूबाईचं. ती असेपर्यंत तिला आज इकडं झोप, उद्या तिकडं झोप असं कोणी करायचं नाही. तिच्या मागे घर मुलगा वाल्मिक याचं.

कलम २. ऊस वाल्मिक आणि मुलगी सविता यांना निम्मा निम्मा. भाऊबीजेला साडी द्यायची आणि बहिणीकडून हक्कसोडीवर सही घ्यायची, ही पद्धत गावात आहे. आपल्या घरात चालणार नाही. सविता, साडी घे. सही करू नको.

कलम ३. पतसंस्थेतली ठेव छबूबाईची. तिनं ती कशावर उडवली हे कोणी विचारू नये. माझ्या दहाव्याला प्रवचन ठेवलं तर आटोपशीर ठेवा. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं बिलकूल नकोत. त्यांना मी कोण हे माहीत नाही, ते भलत्याच माणसाबद्दल बोलतील.

कलम ४. स्टँडजवळचं सायकलचं दुकान, त्यातले पाने, पंप, रिमचा आउट काढायचा स्टँड, हवेची टाकी, सगळं माझी नात निकिता वाल्मिक निबे हिचं. वाल्मिकनं दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायचं मनात ठरवून ठेवलं होतं. ते मनातून काढावं. तिला का दिलं, याचं कारण पुढच्या कलमात आहे. ते कलम लांब आहे, बसून वाचावं.

कलम ५. माझा आकडा.

निकिता संगणकावर सायकल शर्यतीचा खेळ खेळते. त्यात आपण पायडल मारायचं नसतं. आपण टीमचा मालक. रायडर निवडायचे आणि कोणाला कुठल्या शर्यतीला पाठवायचं ते ठरवायचं. प्रत्येक रायडरला आकडे असतात. चढाला वेगळा, सपाटीला वेगळा, शेवटच्या मुसंडीला वेगळा, टाइम ट्रायलला वेगळा. पन्नासपासून पंच्याऐंशीपर्यंत. रायडर त्या आकड्यानंच पळतो, त्यामुळं आकडा चुकला की सगळी शर्यत खोटी. टाइम ट्रायल म्हणजे एकेकट्याला सोडतात. पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही. तुझे पाय आणि घड्याळ.

खेळ काढणाऱ्या कंपनीला कोल्हार कुठून माहीत असणार? म्हणून खेळणारी पोरं आपापल्या भागातले रायडर स्वतःच भरतात आणि जगभर एकमेकांना पाठवतात. आपल्या जिल्ह्याचे निकिता भरते. आताचे भरून झाल्यावर तिनं जुने घेतले, आमच्या काळातले, जत्रेच्या शर्यतीतले. त्यात मी आलो आणि आसाराम आला.

आसाराम लहानू दातीर माझ्याच वर्गातला, माझ्याच आळीतला. कोल्हार ते बाभळेश्वर आणि परत, या जत्रेच्या शर्यती त्यानंच जिंकल्या, हे खरं. कशा जिंकल्या ते ऐका. आमच्याकडं गळीत सुरू झालं की पोरं उसाच्या गाडीमागं सायकल लावतात. तेव्हा ट्रक होते, आता ट्रॅक्टर-ट्रॉली. गाडी वारा कापते, आपण मागं नुसते पाय फिरवायचे. सगळे असेच शिकले. आसाराम सगळ्यात चांगला शिकला. शर्यतीत तो माझ्या चाकामागं बसायचा, सगळा वारा मी खायचो, आणि गाव दिसलं की तो बाहेर निघून हात वर करायचा. मी त्याचा ट्रक होतो.

तर हा आसाराम जत्रेत मिळालेल्या बक्षिसाच्या ढाली पोत्यात घालून निकिताकडं आला. तिनं टाइम ट्रायलला त्याला अठ्ठ्याहत्तर दिले. मला एकसष्ट. एकसष्ट म्हणजे खेळात दुसऱ्याला पाण्याच्या बाटल्या नेऊन देणारा गडी.

मी विचारलं, हे कशावरून. ती म्हणाली, "आबा, त्यांच्याकडं ढाली आहेत. तुमच्याकडं काय आहे?"

"माझ्याकडं वाऱ्याचा मार हाय."

"तो कुठल्या रकान्यात भरू?"

मधेच वाल्मिक तिला म्हणाला, भर गं थोडे जास्त, म्हाताऱ्याचं मन राहील. एकसष्टाचा राग आला नव्हता एवढा मला त्याचा आला. पण मी तोंड उघडायच्या आत निकिता बापाला म्हणाली, घरातला म्हणून वाढवला तर उद्या जिल्ह्यातलं प्रत्येक पोरगं आपापला आजा घेऊन येईल. त्याच जागी मी ठरवलं, दुकान हिचं.

पण एकसष्ट काही गळ्याखाली उतरेना. जुना रायडर एकदा भरला की भरला, आपण मेल्यावर कोण उकरत बसणार? आसाराम माझ्या वाऱ्यावर परदेशातल्या टीमांत पुढं पळणार आणि मी कायम बाटल्या वाहणार. घर, ऊस, पाने हे सगळं कोणाच्या तरी नावावर होणारच आहे. आकडा तेवढा माझ्याच नावावर राहणार. तो जिवंतपणी सरळ करायला पाहिजे होता.

मी आसारामला ज्ञानेश्वरच्या चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, एकेकटं पळू.

तो म्हणाला, "मच्छ्या, तिरडीचे बांबू बी तुझ्याच दुकानात घ्यायचे का?"

"बांबू न्हाईत. हवा भरून मिळंल. ये."

त्यानं अटी घातल्या. गिअरची सायकल नको, आणि दोघांना एकच सायकल. मी हो म्हणालो. दुकानातली काळी चोवीस इंची ठरली. निकितानं जागा ठरवली, पाटाच्या कडेचा रस्ता, पुलापासून पंपघरापर्यंत आणि परत. ती स्कूटीवर लांबून मागं येणार, आणि कोणाच्याही आडोशाला जायचं नाही. छबूबाईनं दोघांना एकदमच सांगितलं की पडलात तर दवाखान्यात डबा येणार नाही.

आसाराम पहिला सुटला. आणि लई लवकर आला. टपरीवरची माणसं टाळ्या वाजवत होती, कोणीतरी गुलाल आणायला पोरगं पाठवलं. निकिता स्कूटीवरून उतरून म्हणाली, "आसारामबाबा, ही धाव धरता येत नाही. येताना तुम्ही ट्रॉलीमागं होतात."

आसाराम म्हणाला, "कवा?"

तो खोटं बोलत नव्हता. परतीला वारा तोंडावर होता, शेतातून उसाची ट्रॉली रस्त्यावर आली, आणि त्याची सायकल आपोआप तिच्या मागं जाऊन बसली. त्याला कळलंच नाही. आपल्या इकडच्या रायडरची ही खोड हाडात गेलेली आहे. आताच्या पोरांचे मोबाईलवरचे वेग बघून निकितानं जे आकडे भरलेत, त्यातले गळीत हंगामातले सगळे तिनं पुन्हा तपासावे, हेही याच कलमात लिहून ठेवतो.

लोक मला म्हणाले, झालं, तो बाद, तू जिंकलास, चल घरी. मी म्हणालो, त्याला उद्या पुन्हा पळू द्या. बाद झाल्यावर मिळालेला आकडा मला कशाला पाहिजे? आणि मी सायकलवर बसलो.

जाताना वारा पाठीशी होता, त्याचं काही कौतुक नाही. पंपघराला वळलो आणि वारा छातीवर बसला. गुडघे बोलायला लागले. पुढं बघतो तर ट्रॉली. अजिनाथचा ट्रॅक्टर, गच्च भरलेला, रमतगमत चाललेला. त्यानं मागं वळून बघितलं आणि ओरडला, "आबा, मागं लागा, वारा लागनार न्हाई."

मी म्हणालो, "बाजूला घे."

त्यानं घेतला. बाजूनं निघालो तेव्हा उसाची टोकं कानाला घासून गेली. ट्रॅक्टरचं तोंड मागं पडलं आणि पुढं काहीच उरलं नाही. नुसता रस्ता. मग मला आठवण झाली म्हणून मागं बघितलं. निकिताची स्कूटी पार लांब. माझ्या चाकाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी चिकटलेलं नव्हतं. तिथून पुलापर्यंत मी कसा आलो ते अजिनाथला विचारा, तो म्हणतो आबाचा शर्ट पिशवीसारखा फुगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसाराम पळला. त्या दिवशी रस्त्यावर ट्रॉली नव्हती. आम्ही पहिला चहा संपवला, दुसरा मागवला, तरी तो दिसेना. शेवटी आला. सायकल उभी केली नाही, पडू दिली, आणि माझ्या शेजारी बाकावर बसला. बराच वेळ नुसता धापा टाकत होता. मग म्हणाला, "मच्छ्या, तू एवढा वारा खायचास?"

मी म्हणालो, "तुझ्या वाट्याचा बी."

माझा चहा उचलून त्यानं पिऊन टाकला. मी पिऊ दिला.

निकिता म्हणाली, वय दोघांचं सारखंच गळालंय, तेव्हा दोघांतला फरक तेवढा धरते. तिनं टाइम ट्रायलला मला शहात्तर दिले आणि आसारामला सदुसष्टवर आणलं. मी म्हणालो, ऐंशी का नाही. तर म्हणे पंपघराला वळताना तुम्ही पाय टेकवलात, त्याचे गेले. खरं आहे, टेकवला होता. शेवटच्या मुसंडीला मात्र ढालींच्या जोरावर आसारामला एक्याऐंशी मिळाले. तेही बरोबर आहे, गाव दिसल्यावर त्याला धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. एक्याऐंशी शहात्तरपेक्षा मोठा म्हणून तो टपरीवर सगळ्यांना सांगत फिरतो. फिरू द्यावं.

गेल्या महिन्यात बेल्जियम का कुठल्या देशातल्या एका पोरानं मला त्याच्या टीममध्ये घेतलं आणि टाइम ट्रायलला सोडलं. मी पहिला आलो. त्यानं निकिताला कळवलं, तिनं मला दाखवलं. अंगात लाल कपडे, डोक्यावर टोकदार टोपी. चेहरा माझा नाही. नाव माझं, आडनावासकट. छबूबाई चष्मा लावून आली, बघितलं आणि म्हणाली, ह्या वयात पाय उघडे. पण दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या गोजरबाईला घरी आणून तेच पुन्हा दाखवायला लावलं.

कलम ६. शहात्तर हा आकडा माझी स्वकष्टाची मिळकत आहे. माणूस मेला की लोकांना गहिवर येतो आणि ते त्याचं सगळंच वाढवून सांगतात. निकिता, तू वाढवायचा नाही. वाल्मिक रडला तरी नाही. कमीही करायचा नाही. ज्याला बदलायचा असेल त्यानं पाटाच्या रस्त्यावर, वारा तोंडावर घेऊन, एकट्यानं यावं.

कलम ७. जत्रेच्या शर्यतीबरोबर दरसाल एकेकट्याचीही शर्यत ठेवावी. ती घ्यायची जबाबदारी दुकानाबरोबर निकिताकडं जाते. त्या सकाळी पाटावर ट्रॉल्या येऊ देऊ नयेत. पोरींनाही पळू द्यावं, त्यांना ट्रकमागं लागायची खोड नाही, त्यांचे आकडे खरे येतील.

कलम ८. काळी सायकल दुकानातच राहील. ती आसारामला पाहिजे होती. ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून मी आसारामला साक्षीदार केलं.

कलम ९. आसारामशी असलेलं माझं वैर मी कोणाच्याही नावावर करत नाही. वाल्मिकला ते सांभाळता येणार नाही.

याचा अंमल निकितानं करावा. जे लिहिलं ते माझंच, वाचून बघितलंय, पटलंय, सही करतो.

मच्छिंद्र कारभारी निबे (सही)

ठिकाण: कोल्हार बुद्रुक, सायकलचं दुकान
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

साक्षीदार पहिला: ज्ञानेश्वर गंगाधर लोंढे, चहाची टपरी, कोल्हार. सही. मच्छिंद्रबाबांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: आसाराम लहानू दातीर, शेती, कोल्हार. सही. मच्छिंद्र शुद्धीवर आहे, सही माझ्यासमोर केली. बाकी त्याच्या दिवशी वारा कमी होता आणि माझ्या दिवशी जास्त होता, हे पण लिहून ठेवतो.

लिहून ठेवणाराचा शेरा: साक्षीदारानं साक्षीपुरतं लिहायचं असतं. तरी खोडत नाही, खाडाखोड केली की कागदाला शंका येते. आसाराम, वाऱ्याबद्दल काही म्हणणं असेल तर मी अजून मेलेलो नाही. रविवारी ऊन चढायच्या आत पाटावर ये. या वेळी पहिला मी सुटतो.

म. का. निबे (सही)