रोझलीची फी

प्रिय मार्लीनताई,

माझं पत्र बघून तुला आधी वाटेल, कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. मी शाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलेय आणि आत माझ्या डिलेनीची वेल्डिंगची परीक्षा चालू आहे. कॅन्टीनमधून आज सुट्टी घेतली, नाहीतर पोरांना मॅकरोनी वाढताना अर्धी जमिनीवर सांडली असती. तीन तास काढायचेत. दोनदा उतरून गाडीला फेऱ्या मारल्या, टायरला लाथ घालून पाहिली, कॉफी संपली. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून दूधवाल्याच्या पावत्यांच्या पाठीवर लिहितेय. चुका मोजत बसू नकोस.

फेब्रुवारीतली तुमच्या शाळा मंडळाची मीटिंग माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांचे मार्क पुढे कॉलेजात धरतात ते अवघड पेपर असोत, नाहीतर धंद्याच्या सर्टिफिकेटच्या परीक्षा, आजवर फी शाळा भरायची. तुम्ही तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलंत, यापुढे ज्याची त्याने भरायची. तुझा हात सगळ्यात आधी वर गेला. तू म्हणालीस, "गेल्या वर्षी नऊ मुलं फुकटच्या परीक्षेला आलीच नाहीत. स्वतःच्या खिशातून पैसे गेले की माणूस वेळेवर उठतो." लोकांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मीही डोलावली. मागच्या रांगेत बसून म्हटलं, ताई बरोबर बोलतेय, आपले कोणी लाड केले होते.

मार्चमध्ये फीची चिठ्ठी घरी आली आणि त्याच आठवड्यात रॉयचे कारखान्यातले तास निम्मे झाले. नवऱ्याकडे कुठल्या तोंडाने मागणार, चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून ठेवली. डिलेनीनेच ती काढली आणि म्हणाली, मला तसंही बसायचं नव्हतं. खोटं बोलताना ती तुझ्यासारखं नाक खाजवते.

एप्रिलमध्ये शाळेतून कळलं की तिची फी भरलेली आहे. कोणी भरली ते कोणी सांगेना. पण शाळेच्या ऑफिसातली पॅटी माझ्याच कॅन्टीनमध्ये जेवते आणि तिच्या पोटात काही राहत नाही. एक पाव जास्त वाढला, बोलली. तू भरलीस, आणि मला कळता कामा नये असं तिला बजावलंस. मी दोन दिवस नुसती हवेत होते. तुझ्यासाठी तो अननसाचा उलटा केक करायला घेणार होते. मग डिलेनीला सांगितलं, तर ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "मावशीने माझीच का भरली? रोझलीचा जोड माझ्यापेक्षा सरळ येतो."

रोझली तिच्याच टेबलावर शिकते. आई वृद्धाश्रमात डबल पाळ्या करते, बाप नाही. तिची फी कोणी भरली नाही आणि मुदत निघून गेली. आज सकाळी ती आमच्याबरोबरच गाडीतून आली. स्वतःचे चांगले हातमोजे तिने डिलेनीला दिले, कारण डिलेनीच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलंय. डिलेनी आत गेली आणि ही बाहेर बाकावर बसलीय. मी इथून बघतेय. मघाशी सँडविच नेऊन दिलं, तर अर्धं मलाच परत केलं.

ते नऊ जण. ताई, तसल्यांतली एक मी होते. बत्तीस वर्षं झाली. केस कापायच्या लायसन्सची परीक्षा होती, फी शाळेने भरली होती. तुझ्याही पेपरांची शाळेनेच भरली होती, तू विसरलीस. माझ्या परीक्षेच्या वेळी तू कॉलेजात होतीस. मी साडेपाचला उठून कात्र्या पुसून रुमालात बांधल्या होत्या. आईला औषधाच्या उलट्या थांबेनात, बाबा पाळीवर गेलेले. मी बादली धरून बसले. नंतर शाळेत तोंड दाखवायचीच लाज वाटली, आणि सुटली ती सुटलीच. तू थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला घरी आलीस आणि टर्की कापता कापता म्हणालीस, टोन्या झोपून राहिली असेल. सगळे हसले. आईसुद्धा. मी बटाटे वाढत राहिले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नोव्हेंबरात मंडळावरची तुझी मुदत संपते. तुझ्या जागेसाठी मी उभी राहतेय. उमेदवारीच्या अर्जाला लागतात त्यापेक्षा सात सह्या जास्त झाल्यात, पहिली रोझलीच्या आईची आहे. पॅटीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही, चार माणसांसमोर उभी राहिले की मान लाल होते, ते तुला माहीत आहे आणि तू ते वापरशील. वापर. तू वाईट असतीस तर सोपं होतं. पण वाईट बाई भाचीची फी गुपचूप भरत नाही. रविवारी जेवायला ये, केक करणार आहे. निवडणूक वेगळी, केक वेगळा.

दार उघडलं. डिलेनी आली बाहेर. काय झालं ते तोंडावरून कळत नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, हातमोजे काढत सरळ रोझलीच्या बाकाकडे चाललीय.

तुझीच,
टोन्या