बी.कॉम. कशासाठी केलं

आई, आज वर्गात एका मुलीने मला विचारलं, "बाई, तुम्ही संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या, मग पुन्हा बी.कॉम.च्या वाटेला का गेलात?" मुलगी चिपळूणकडची आहे, हुशार आहे, आणि हाच प्रश्न तिला घरी सगळे विचारत असावेत, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. मी तिला चांगलं उत्तर दिलं. बाईला आपल्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, व्यवहार कळला पाहिजे वगैरे. तिला ते पटलं, वहीत उतरवूनही घेतलं तिने. घरी येऊन चहा टाकला आणि तो उकळून उतू जाईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, की हा प्रश्न तूही मला एकदा विचारला होतास, आणि तुलाही मी असंच काहीतरी चांगलं उत्तर दिलं होतं.

प्रवेशाच्या वेळी प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं तेव्हा मी देशी उद्योगधंद्यांबद्दल बोलले होते. मिठाचा सत्याग्रह नुकताच होऊन गेला होता, तसं बोललं की तेव्हा शोभायचं. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "घरी भाऊ नाहीत का?" नाहीत म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू आता कुठे खरं कारण सापडलं. काकांना मी सांगितलं की नोकरी मिळते. ज्याला जे पटेल ते मी त्याला देत गेले.

गावी मांडवी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं आपलं दुकान मला अजून वासाने आठवतं. काथ्याच्या दोरांची वेटोळी, शिडाचं कापड, डांबराचे डबे, लाकडी कप्प्या. पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये एक दार. बाबा तापाने गेले तेव्हा मी इतकी लहान होते की त्यांचा आवाजही मला आठवत नाही. पुढे गादीवर काका बसायचे आणि दाराच्या आत तू. काका मनाने भले, पण समोरच्याने जरा तोंड वाकडं केलं की यांचा भाव उतरलाच. मग आतून तुझं खाकरणं यायचं. काका लगेच सावरायचे, "नाही हो तांडेल, परवडत नाही." पूर्णगडचे, जयगडचे तांडेल येत, गलबतांवर सगळी हयात गेलेली माणसं. त्यांना का ते खाकरणं कळत नसेल? त्यांतला एक म्हातारा तर भाव विचारताना काकांकडे न बघता सरळ दाराकडेच बघायचा. पण बोलायचं मात्र काकांशीच. आणि मी उंबऱ्यावर. तुझ्या बाजूची की त्यांच्या बाजूची, ते माझं मलाच ठरवता येत नसे.

मुंबईचे दोरांचे गुजराती शेट एकदा आपल्याकडे उतरले होते, तो दिवस तुलाही आठवत असणार. जेवताना ते काकांना म्हणाले, "भाऊ, धंद्याचं असं डोकं मी कोकणात दुसरं नाय बघितलं." काका भातात आमटी कालवत राहिले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाव आई ठरवते." काकांचे कान लाल झाले. शेटना वाटलं पोरगी गंमत करते, ते मोठ्याने हसले आणि ताक मागितलं.

दुपारी चुलीशी तू मला समोर बसवलंस. निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या भाजत होत्या. तू रागावली होतीस, पण आवाज चढवला नाहीस. "तुला काय वाटलं, मला बरं वाटेल? त्या माणसाने उद्या माल पाठवायचाय. बाईच्या शब्दावर पाठवील तो? काकाचं नाव आहे म्हणून आपली चूल पेटते, कळलं?" मी रडायला लागले. "मग तुझं नाव कुठे?" असं काहीतरी मी विचारलं. तू एक आठळी सोललीस, फुंकून गार केलीस आणि माझ्या हातावर ठेवलीस. "खा. तोंड भरलेलं असलं की बोलणं कमी होतं." हे म्हणताना तू हसलीस की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

मग कितीतरी वर्षांनी तू त्या दाराबाहेर आलीस. मी बी.ए. होऊन घरी आले होते आणि गुहागरचं एक स्थळ चालून आलं होतं. नारळी-पोफळीची मोठी बाग, माणसंही चांगली. मध्यस्थ दुकानात येऊन बसले होते. काकांनी चाचरत सांगितलं की मुलीच्या मनात आणखी दोन वर्षं मुंबईला राहून व्यापाराचं शिकायचं आहे. मध्यस्थ खदाखदा हसले. "व्यापार शिकायला कॉलेज? अहो, इथे दोर काय कमी पडले?" मी आत तुझ्या शेजारी उभी. तू खाकरशील म्हणून वाट बघत होते. तू खाकरली नाहीस. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलास आणि उंबरा ओलांडून चारचौघांत जाऊन उभी राहिलीस, काकांना म्हणालीस, "भाऊजी, गुहागरकरांना कळवा, मुलगी दोन वर्षं मोकळी नाही." मध्यस्थांना नुसतं "बरं" म्हणता आलं. काका पट्कन उठून उभे राहिले, गुरुजी वर्गात आल्यासारखे. स्थळ अर्थातच गेलं. आत आल्यावर तू निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतलेस. मला का शिकायचंय, हे तेव्हा विचारलं नाहीस.

बी.कॉम.च्या पदवीदानाला तू आणि काका बोटीने मुंबईला आलात. तुझी ती पहिलीच मुंबई. समारंभ झाला, माझा झगा हाताने चाचपून बघितलास, "उकडत नाही का गो?" म्हणालीस आणि लगेच, "त्या शेटचं दुकान इथून किती लांब?" आपण तिघं मशीद बंदरला गेलो. शेट आता थकले होते, पण ओळखलं त्यांनी. "या या भाऊ! काय तुमचं डोकं! बेन, तुमचे दीर म्हणजे..." आणि तू मध्येच म्हणालीस, "शेट, पत्रं भाऊजींच्या हातची. बोलणी माझी." मी काकांकडे बघायला भ्याले. काका मात्र हसत होते, डोक्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं तसे. "खरंय शेट. मी आपलं नुसतं तोंड." शेटनी नोकराला हाक मारून तुझ्यासाठी खुर्ची आणवली. "मंग पुढल्या सालचं तुमच्याशीच बोलतो, बेन." आणि तू बोललीस. मोकळ्या आवाजात, हात नाचवत, मध्येच हसत. तुझा एवढा मोठा आवाज आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

परतीच्या बोटीवर काका बाकड्यावर झोपले होते, तू कठड्याला टेकून बसली होतीस. तेव्हा विचारलंस, "खरं सांग गो, कशाला शिकलीस येवढं?" मी म्हटलं, "दुकानासाठी." तू "हो का" म्हणालीस. पुढे काही वर्षं आपण दोघी त्याच गादीवर बसलो. तुझ्यानंतर शिडाची गलबतंही कमी होत गेली, काकांनी दुकान आवरलं आणि मी शिकवायला मुंबईला आले. म्हणजे तुला दिलेलं ते कारणही फार काळ टिकलं नाही.

खरं कारण बी.ए.च्या शेवटच्या सुट्टीतलं आहे. तोवर दर सुट्टीत मी यायचे, तू "बरं चाललंय ना?" विचारायचीस, मी "हो" म्हणायचे, आणि आपलं बोलणं संपायचं. एकदा मी तुला एक संस्कृत श्लोक अर्थासकट म्हणून दाखवला. तू शेवटपर्यंत ऐकलास. "छान आहे गो. वाढू आता?" त्या सुट्टीत असंच काही बोलायचं म्हणून मी म्हटलं की मुंबईच्या गोदीत हल्ली मनिला नावाचा परदेशी दोर फार दिसतो. तुझा हात थांबला. "कसा असतो? ओला झाला की फुगतो? काथ्यापेक्षा हलका?" मला धड काहीच सांगता येईना, तरी तू विचारतच राहिलीस. जवळ सरकून बसलीस, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. दिवेलागण झाली तरी उठली नाहीस. काका जेवायचं विचारायला आले, त्यांना "थांबा जरा" म्हणालीस. परत बोटीत बसले तेव्हा माझं ठरलेलं होतं.

त्या मुलीला हे कसं सांगू? आणि तुझ्यापर्यंत पोचेल असं टपाल काही मला ठाऊक नाही, तेव्हा हे कागद माझ्यापाशीच राहतील. मला व्यापार शिकायचा नव्हता, आई. तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं होतं. संस्कृत मला आजही जास्त आवडतं.