अपघात झाल्यास कोणाला कळवावे

जळगाव,
९ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतिका,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. गॅरेजच्या पत्त्यावर बिलांशिवाय काही येत नाही, त्यामुळे हातानं लिहिलेलं नाव पाहून मी जरा बिचकलोच. तू बारावीला आहेस हे आतल्या मोटारसायकल रेसच्या फॉर्मवरून कळलं. माझ्या डोक्यात तू अजून सहा वर्षांची आहेस, तुझ्या पप्पांच्या गाडीच्या टाकीवर बसलेली.

मी बरा आहे. थंडी पडली, बाजारात भरिताची वांगी आली. पण भरीत काही एकट्यासाठी करत नाहीत, म्हणून मी पावशेर तयार विकत आणतो आणि दोन दिवस पुरवतो. सावद्याला घरी तुम्ही मळ्यात करत असालच.

सहा प्रश्न विचारलेस, तेही नंबर टाकून. कशाला किती मार्क, तेवढं लिहायचं राहिलं.

सतरा म्हणजे उशीर झालेला नाही. पण आठव्या वर्षापासून ट्रॅकवर असलेली मुलं तुझ्यासोबत सुरुवातीच्या रेषेवर उभी राहतील, तेव्हा रडायचं नाही. आरटीओचं लायसन्स वेगळं आणि रेसचं वेगळं. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि अठराच्या आत पालकांची सही. मुलींसाठी वेगळी रेस असते, मुलांबरोबरही धावता येतं. एकदा हेल्मेट चढलं की कोणी विचारत नाही. यावर पोट भरतं का? फार थोड्यांचं. बाकीचे शिकवतात, कंपन्यांच्या गाड्या तपासून देतात, नाहीतर माझ्यासारखे दुसऱ्यांच्या गाड्यांची चेन बदलतात. म्हणून बारावी सोडायची नाही.

भीती वाटते. मला दर वेळी वाटायची. ज्याला वाटत नाही त्याच्या जवळून गाडी नेऊ नकोस. आणि वेगाचं नंतर बघू, आधी ओल्या मातीत ब्रेक लावायला शीक. पडताना हँडल सोडून द्यायचं, हे सगळ्यात अवघड. मला ते कधीच नीट जमलं नाही.

राहिला सहावा प्रश्न. ‘काका, तुम्ही रेस का सोडली?’ त्याच्यापायी हे पत्र चार दिवस टेबलावर पडून आहे.

तुझ्या आजोबांना, आबांना, माझी रेस आवडत नव्हती, पण त्यांनी कधी अडवलं नाही. केळीच्या बागेतल्या गाडवाटेवर मी पहिल्यांदा पडलो, तेव्हा माझा गुडघा धुताना ते एवढंच म्हणाले होते, “पडला त मले पह्यले सांगजो.”

रेसच्या प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो: अपघात झाल्यास कोणाला कळवावे. आम्ही पोरं तिथे आपापल्या मेकॅनिकचा नंबर लिहायचो. तो ट्रॅकच्या कडेलाच उभा असायचा, आणि घरी काही कळायचं नाही. याला आम्ही हुशारी समजत होतो. माझा मेकॅनिक समाधान. त्याला मी बजावून ठेवलं होतं, घरून फोन आला तर ‘रेस चालू आहे, नंतर बोलेल’ एवढंच सांगायचं.

अकरा वर्षांपूर्वी कोईमतूरला मी पडलो. खांदा मोडला, पोटात रक्तस्राव झाला. मला ऑपरेशनला आत नेलं आणि बाहेर समाधानच्या फोनवर दादा, म्हणजे तुझे पप्पा: आबांना झटका आलाय, हितूला फोन दे. समाधान आधीच घाबरलेला. त्यानं पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. संध्याकाळी आबा गेले.

मी दहाव्याला पोचलो, खांद्याचा पट्टा सदऱ्याखाली लपवून. दादानं एकच विचारलं, “झाली का रेस?”

मी मान खाली घातली. समोर आई बसली होती, त्याच दहा दिवसांत तिला माझ्या अपघाताचंही ऐकवणं मला जमलं नाही. आणि आबांनी आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट मी केली नव्हती, याची लाज वाटली. त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोललेला नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही मी स्मशानातून परस्पर जळगावला निघून आलो. दादाच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

मागच्या वर्षी डेंग्यूनं दवाखान्यात होतो. नर्सनं नातेवाइकाचा नंबर मागितला. मी माझ्याच गॅरेजचा दिला. म्हणजे मला काही झालं असतं, तर फोन मलाच आला असता. हसू नकोस. मला फार एकटं वाटतं, ऋतिका.

फॉर्म परत पाठवतोय. पालकाच्या जागी माझी सही मागितलीस, ती केलेली नाही. तू चोरून निघालीस तर तुझंही तेच होईल जे माझं झालं. आणि त्या रकान्यात तू माझा नंबर लिहिला होतास. तो वाचून मला किती बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. पण मी तो खोडून दादाचा लिहिला आहे. कुठे बघावा लागला नाही, पाठ आहे.

हे पत्र पप्पांना दाखव. ते सही करतील की फाडून टाकतील, मला माहीत नाही. पण विचारायचं त्यांनाच. आणि पडलीस, तर सांगायचंही आधी त्यांनाच.

दादा, तू इथवर वाचलं असशील तर, तेव्हा तू विचारलं होतंस त्याचं उत्तर देतो. रेस झाली नव्हती. मी दुसऱ्याच फेरीत पडलो होतो. तुला आधी सांगायला हवं होतं.

तुम्हा दोघांचा,
हितू